पाय सुटे केल्याबद्दल

तीर्थस्वरूप भावोजींच्या चरणी,

साष्टांग नमस्कार. (हा शब्द मी दरवर्षी पत्राच्या डोक्यावर नुसत्या सवयीनं लिहितो. यंदा तो अक्षरशः घ्यावा. गेल्या महिन्याभरात माझी आठही अंगं गावातल्या निरनिराळ्या रस्त्यांना टेकून झाली आहेत. फक्त समोर तुमचे चरण नव्हते, कुणाच्या तरी स्कूटरचं चाक होतं.)

आपली प्रकृती कशी आहे? खुब्याचं हाड नीट जुळलं, काठी सुटली, तुम्ही आपले आपण गच्चीपर्यंत चढून जाता, असं ताईनं फोनवर सांगितलं. ऐकून बरं वाटलं. मग तिनं सांगितलं की यंदा तुम्ही पुलावर येणार नाही, आणि ते ऐकून अजिबात बरं वाटलं नाही. डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली आहे म्हणे, पण त्यांनी काहीतरी अट घातली, आणि ती ऐकल्यापासून तुम्ही सायकलवर जुनी चादर टाकून खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असता. अट कोणती ते मी विचारलं नाही. (माणूस आणि त्याचा डॉक्टर यांच्या मध्ये कशाला पडा? पडायला मला इतर जागा पुष्कळ आहेत.) अकरा वर्षं आपण दोघं दरवर्षी एका ठरल्या रविवारी पहाटे आपापल्या गावाहून सायकलनं निघतो आणि पुलावरच्या चहावाल्याकडे भेटतो. जो आधी पोचेल त्यानं लगेच दोन चहा सांगायचे आणि उशिरा येणाऱ्यानं आपला गार झालेला मुकाट्यानं प्यायचा, हा नियम तुम्हीच केलात. अकरापैकी दहा वेळा गार चहा मी प्यायलो आहे. (अकराव्या वेळी तुमचं चाक पंक्चर होतं, त्यामुळे तो विजय मी धरत नाही.) या वर्षी पुलावर एकट्यानं जाऊन बसायचं आणि समोर रिकामी खुर्ची बघायची, ही कल्पना मला सहन होत नाही. पण ते पुढे लिहितो. आधी एक कबुली द्यायची आहे, ती दिल्याशिवाय पुढचं लिहिण्याचं तोंड मला नाही.

कबुली अशी, की तुम्ही दिलेली क्लिपची पेडलं मी काढून टाकली आणि सायकलला सपाट पेडलं बसवली. साधी. पाय ठेवला की ठेवला, उचलला की उचलला. दूध घालणाऱ्याच्या सायकलला असतात तसली.

आता तुम्ही चष्मा काढाल, सदऱ्याच्या टोकानं पुसाल, पुन्हा घालाल आणि ते वाक्य परत वाचाल. खुशाल वाचा, ते बदलणार नाही. एवढ्यात ताई येऊन “काय झालं?” म्हणून विचारेल आणि तुम्ही “काही नाही” म्हणाल, म्हणून तिच्यासाठी इथेच लिहून ठेवतो (कारण अकरा वर्षांत आपण दोघांनी तिला हे कधी धड समजावून सांगितलेलं नाही). ताई, आमच्या बुटाच्या तळाला एक लोखंडी पट्टी असते. ती पेडलमध्ये दाबली की ‘टक्’ असा आवाज होतो आणि पाय पेडलला जोडला जातो. सुटायचं असेल तर टाच बाहेरच्या बाजूला फिरवायची. वेळेवर फिरवली तर माणूस उभा राहतो, नाही फिरवली तर सायकलसकट आडवा होतो. (या प्रकाराला ‘क्लिपलेस’, म्हणजे क्लिप नसलेलं, असं का म्हणतात ते मी अकरा वर्षं विचारतोय. भावोजींनी एकदा उत्तर दिलं होतं. ते चार किलोमीटर चाललं आणि मध्ये चढ होता.) तुम्ही मला तुमची जुनी जोडी आणि जुने बूट दिलेत, माझ्या सायकलला ती स्वतःच्या हातानं बसवलीत, आणि म्हणालात, “पाय जोडलेला असतो तो स्वार. सुटा असतो तो नुसता उतारू.” त्या दिवसापासून मी स्वार होतो. आता या वयात उतारू झालो आहे, आणि तो कसा झालो ते ऐकावं.

पहिला प्रसंग मोठ्या चौकातल्या सिग्नलचा. तुम्हाला ठाऊकच आहे की क्लिपवाला माणूस वेगात कधी पडत नाही, तो थांबल्यावर पडतो. मी थांबलो, डावी टाच फिरवायची होती, पण डोक्यात कामाचा विचार होता. (दिवसभर लोकांच्या कवळ्या बनवणाऱ्या माणसाच्या डोक्यात दुसरं काय असणार? त्या दिवशी एका साहेबांचा खालचा जबडा होता. चार वेळा साचा घेतला तरी बसत नव्हता, आणि दंतवैद्य फोनवर मलाच विचारत होते की जबडा चुकला असेल का.) तेवढ्यात सायकल कलायला लागली. भावोजी, थांबल्या जागी पडायला फार वेळ लागतो. मला आजूबाजूला बघून घेता आलं. सिग्नलला अजून किती सेकंद आहेत तेही वाचून झालं. एका रिक्षावाल्यानं माझ्यासाठी आपली रिक्षा जरा पुढे घेऊन जागासुद्धा करून दिली. मग मी पडलो. पडल्यावरही दोन्ही पाय पेडलांतच होते, त्यामुळे पालथ्या झुरळासारखी माझी अवस्था झाली. फुटपाथवर उभ्या असलेल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका मोठ्यांदा हसल्या. त्यांची कवळी मीच केलेली आहे. म्हणजे मी रस्त्यात आडवा आणि माझेच दात मला हसतायत. इतकं मनमोकळं हसूनही वरची कवळी जागची हलली नाही, एवढंच समाधान घेऊन मी उठलो.

एवढ्यावर मी पेडलं बदलली नसती. तुमचा चेला आहे, एक-दोनदा पडून मत बदलणारा नाही. पण दुसऱ्या प्रसंगानं माझी पार दमछाक झाली. आमच्या कामात हिरड्यांसाठी एक गुलाबी मसाला लागतो. पूड आणि द्रव एकत्र कालवले की तो आपोआप घट्ट होतो, भट्टी लागत नाही. त्या संध्याकाळी निघायच्या घाईत वाडगं कलंडलं आणि मसाला फरशीवर सांडला. पुसायला फडकं आणावं म्हणून मी त्याच मसाल्यातून चालत मोरीकडे गेलो आणि त्याच मसाल्यातून परत आलो. पायांत अर्थातच तुमचे बूट. (ते बूट घालून मी फरशीवरून चाललो की शेजारच्या खोलीतल्या हिशेबनीस बाई दर वेळी “घोडा आला” म्हणतात. अकरा वर्षं हाच विनोद. त्यांनाही आता कंटाळा आला असावा, पण त्या म्हणायचं सोडत नाहीत.) फरशी पुसली, बूट मात्र पुसायचे राहिले. खाली येऊन पाय पेडलमध्ये दाबला तर ‘टक्’ आवाज न येता ‘चप्’ असा आवाज आला. मला वाटलं, ठीक आहे, वय झालं, पेडलांचंही होत असेल.

अर्ध्या वाटेत माझ्या लक्षात आलं. या मसाल्याला घट्ट व्हायला दहा मिनिटं लागतात, आणि मला घरी पोचायला बारा. तीस वर्षं मी हा मसाला वापरतोय, त्याच्या डब्यावर काय लिहिलंय ते मला पाठ आहे. टाच फिरवून पाहिली. उजवी हलेना, डावी हलेना. हिरडीत दात जसा पक्का बसायला हवा, तसा मी पेडलात बसलो होतो. इतकं चोख काम माझ्या हातून कामाच्या खोलीतसुद्धा क्वचितच होतं. नशिबानं सिग्नल हिरवा मिळाला. आमच्या गल्लीत शिरलो आणि घरासमोर गोल गोल फिरायला लागलो, कारण थांबणं म्हणजे पडणं. चौथ्या फेरीला तुमची मेहुणी (म्हणजे तुमच्या मेहुण्याची बायको, तिला नेमकं काय म्हणायचं ते मला कधीच कळलेलं नाही) दारात आली. “आत या की, असे काय फिरताय?” म्हणाली. मी जाता जाता “येता येत नाही” म्हणालो. पुढच्या फेरीला ती म्हणाली, “कुणाशी भांडून आलात का?” परिस्थिती समजावून सांगायला मला एकूण सहा फेऱ्या लागल्या, कारण दर फेरीत एकच वाक्य बसत होतं. शेवटी तिनं मागचं कॅरिअर धरलं, मला कुंपणाच्या भिंतीला टेकवलं, बुटांचे पट्टे सोडले आणि मला मोज्यांवर खाली उतरवलं. बूट पेडलांवरच राहिले. सकाळी टपाल वाटणाऱ्या बाई आल्या, त्यांनी भिंतीला टेकलेली सायकल पाहिली, पेडलांवर व्यवस्थित बसलेले बूट पाहिले, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “साहेब कुठं गेले?”

मग पेडलंच काढायची ठरवली. उजवं मिनिटाभरात निघालं. डावं मात्र निघेना. पाना लावला, जोर केला, नाही. पान्याला लोखंडी नळी जोडून लांब केला, नाही. नळीवर उभा राहिलो, सायकल फिरली आणि मी पुन्हा साष्टांग. दोन संध्याकाळी मी त्या डाव्या पेडलसमोर पाटावर बसून काढल्या. शेवटी कोपऱ्यावरचा सायकलमिस्त्री येऊन बघून गेला. “सायकल किती वर्षं चालवता?” त्यानं विचारलं. मी “अकरा” म्हणालो. त्यानं पाना उलट्या बाजूला फिरवला आणि पेडल लोण्यातून काढावं तसं हातात आलं. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, भावोजी. तुम्ही मला हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत. माझ्या अवजारांच्या पेटीच्या झाकणावर आतल्या बाजूनं तुमच्याच अक्षरात ‘डावं उलटं’ असं लिहिलेलं आहे. दोन्ही संध्याकाळी ती पेटी माझ्यासमोर उघडी होती.

अशी ही सपाट पेडलं आली. तुम्हाला वाटेल, आता हा सुखात असेल. कसलं सुख! एक म्हणजे माझी टाच अजून ऐकत नाही. थांबायचं म्हटलं की आपोआप बाहेर फिरते, जिथे सोडवण्यासारखं काही नाही तिथेही. सिग्नलला फिरते. जेवताना ताट समोरून उचललं की टेबलाखाली फिरते. न्हाव्याच्या खुर्चीतून उठताना फिरली, तेव्हा त्यानं दोन पावलं मागे सरून वस्तरा बाजूला ठेवला. दुसरं म्हणजे चढावर सवयीनं पाय वर ओढायला जावं, तर पाय एकटाच वर येतो, पेडल खालीच राहतं, आणि गुडघा हँडलला भेटतो. तिसरं म्हणजे या पेडलांना बूट घसरू नये म्हणून बारीक खिळे असतात, ते बुटाला कधी लागतात आणि नडगीला कधी, याचा काही नेम नाही. माझ्या नडग्या सध्या खवणीवर घासल्यासारख्या दिसतात. पहिल्याच दिवशी टपालवाल्या बाईंनी मला चढावर मागे टाकलं. पुढे टपालाची पिशवी, मागे टपालाची पेटी, पायांत चपला, आणि पेडलं माझ्याहून सपाट. बावीस वर्षं त्या असंच चालवतायत. जाताना मागे वळून म्हणाल्या, “पाय मोकळे झाले वाटतं! आता बरं वाटेल बघा.”

पण एक सांगतो, आणि ते सांगताना मला जरा संकोच वाटतो. परवा कालव्याच्या कडेनं येत होतो. तिथल्या कठड्यापाशी एक बगळा उभा होता. वाटलं थांबावं, आणि थांबलो. पाय खाली टेकला, इतकंच. आधी ठरवावं लागलं नाही, टाच फिरवायची आठवण ठेवावी लागली नाही. अकरा वर्षं मी त्या रस्त्यानं जातोय, पण तिथे कधी थांबलो नव्हतो, कारण क्लिपमध्ये पाय असला की थांबणं हे एक वेगळं काम होतं, आणि मला आधीच कामं खूप आहेत. बगळा दहा मिनिटं हलला नाही, मीही हललो नाही. मग तो उडाला आणि मी घरी आलो. स्वारीत असलं काही बसत नाही हे मला मान्य आहे. पण उतारूला ते मिळतं, आणि मला ते आवडलं, हे तुमच्यापासून लपवून ठेवणं बरं नव्हे.

आता रागवायचं असेल तर रागवा. माझी बाजू मांडून झाली. थकलोही आहे. ताईला नमस्कार सांगा, आणि तिनं मला अजूनही ‘बारक्या’ म्हणणं बंद करावं असं सांगा, माझे केस तिच्या नवऱ्यापेक्षा आधी गेले आहेत. खुब्याला जपा. गच्चीवर जाताना कठडा धरा.

आपला,
(पायांपुरता बिघडलेला, बाकी पूर्वीसारखाच)
मेहुणा

ता. क. सोबत एक जड पुडकं पाठवलं आहे. घाबरू नका. मिस्त्रीकडे मी सपाट पेडलांची एक जोडी मागितली होती, त्यानं चुकून दोन बांधून दिल्या, आणि आता परत घेत नाही म्हणतो. घरात आधीच अडगळ फार, म्हणून दुसरी तुमच्याकडे पाठवली. फेकून द्या, कागदांवर वजन म्हणून ठेवा, तुमची मर्जी. बसवावीशी वाटलीच, तर डावं उलटं.

ता. क. दुसरा. माझी एक विनंती आहे. सपाट पेडलांवर मी एकटाच पुलावर गेलो, तर तो चहावाला अकरा वर्षांचा हिशेब काढून हसेल. आणखी कुणीतरी माझ्यासारखाच उतारू बरोबर असता, तर त्याला आम्हा दोघांनाही हसावं लागलं असतं, आणि दोघांत वाटून घेतलं की हसू कमी लागतं. विचार करावा.

भावोजी, नमस्कार. ही मी, यांची बायको, लिहिते आहे. पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं होतं, पाकीट उघडं होतं म्हणून वाचलं (बंद असतं तरी वाचलं असतं). गेल्या महिन्यात हे एकदासुद्धा पडलेले नाहीत. सिग्नलला पडले ते खरं, मुख्याध्यापिका बाई हसल्या तेही खरं, पण त्याला पाच वर्षं झाली. मसाल्याची गोष्ट त्याच्याही आधीची, ती तुमच्यापासून लपवली होती एवढंच. तेव्हा बूट यांनीच तासून सोडवले होते आणि पुढे इतकी वर्षं वापरले. तुम्ही फाटकापाशी पडलात ते पाय वेळेवर सुटला नाही म्हणून, आणि डॉक्टरांची अट सपाट पेडलांची आहे, हे वन्संनी फोनवर आम्हा दोघांना सांगितलं. तुम्ही “त्यापेक्षा खुर्ची बरी” म्हणालात, तेही सांगितलं. तो मंगळवार होता. बुधवारी यांनी पेटी काढली. मिस्त्री वगैरे कुणी आला नाही, आणि पेडलांच्या दोन जोड्या यांनी स्वतःच मागवल्या. उजवं पेडल निघालं आणि डाव्यासमोर हे दोन संध्याकाळी नुसते बसून राहिले, पाना हातात धरून. डावं उलटं असतं हे यांना झोपेतही सांगता येईल. काढवत नव्हतं, म्हणून बसले होते. तुमचे बूट पुसून कागदात गुंडाळून कपाटात ठेवले आहेत. टाच मात्र अजून फिरते, ते खरं आहे. मी हे लिहिलं कारण तुम्हाला कुणी केलेली दया आवडत नाही आणि यांना खोटं नीट जमत नाही, तेव्हा यांनी तुमच्यासाठी काय केलं ते तुम्हाला सरळ कळलेलं बरं. येत असाल तर गरम कपडे घालून निघा.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. पाकीट चिकटवायला बसलो तेव्हा वरचा मजकूर पाहिला. शाईत आहे, खोडला तर आणखी वाईट दिसेल, आणि सगळं पत्र पुन्हा लिहायचा मला कंटाळा आला आहे, म्हणून राहू दिला. बगळ्याची गोष्ट मात्र खरी आहे, ती हिला माहीत नाही. बाकी काही म्हणायचं नाही. फक्त चहाचा नियम यंदा मी मोडणार आहे. आधी पोचलो, तर तुमचा चहा सांगणार नाही. तुम्ही आलात की मगच सांगेन, मग कितीही वाजले तरी चालेल.